वेळ काढणारी माणसं

मराठीत ‘वेळ काढणे’ याचे दोन अर्थ आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. ‘तुमच्यासाठी खास वेळ काढला’ म्हटलं की समोरचा सुखावतो. ‘बसलोय आपला वेळ काढत’ म्हटलं की तोच आपली कीव करतो. आणि ‘वेळकाढूपणा’ हा तर सरळसरळ ठपका. माझ्या नोकरीच्या काळात एका मेमोवर मी तो स्वतःच्या नावापुढे वाचला आहे. (त्या दिवशी मी खरोखरच टेबलाच्या खणात वही उघडी ठेवून एकांकिका लिहीत होतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.)

या पुस्तकातली माणसं या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेली आहेत. त्यांना स्वतःला वाटतं, आपण पहिल्या अर्थाने वेळ काढतो. घरच्यांना आणि साहेबांना वाटतं, दुसऱ्या. वसई, नायगाव, नालासोपारा आणि विरार इथे राहणाऱ्या १९ जणांनी हे लेख लिहिले आहेत. सगळे नोकरी-धंद्यातले. त्यांतला कोणी कथा लिहितो, कोणी भजनाला नव्या चाली बांधतो, कोणी भंगारातून हत्यारं बनवतो. एकीने आपल्या आईच्या तोंडचे सामवेदी बोलीतले शब्द जुन्या डायरीत उतरवून ठेवले आहेत. पोटापाण्याशी यांतल्या कशाचाही संबंध नाही. मग हे करता कधी, असं त्यांना आम्ही विचारलं आणि त्याचंच उत्तर लिहून आणायला सांगितलं. प्रस्तावना माझ्याकडे आली, कारण आम्ही दर महिन्याला ज्या कट्ट्यावर जमतो तिथे सर्वांत रिकामा माणूस मीच. या रिकामेपणाचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे, पण आधी गाडीबद्दल बोललं पाहिजे. वसई-विरारमध्ये वेळेचा विषय गाडीशिवाय सुरूच होत नाही.

विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गेली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, थेट बॅकबे स्थानकापर्यंत. तेव्हा दिवसाला एकच गाडी जायची आणि एकच यायची. आज दिवसभर गाड्या चालू असतात, तरी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांवर माणसं मोजली गेली होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहता तो आकडा आता जुन्या फोटोसारखा वाटतो. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. घराच्या दारापासून टेबलापर्यंत एका बाजूचे दोन तास धरा. रिक्षा, पूल, फलाट, गाडी आणि पुढची बस मिळून तेवढे होतातच. दिवसाचे चार, महिन्याच्या २५ दिवसांचे १००, वर्षाचे १२०० तास. आठ तासांची एक पाळी धरली तर १५० पाळ्या झाल्या. महिन्याला २५ पाळ्यांप्रमाणे हे सहा महिन्यांचं काम. म्हणजे विरारचा माणूस दर वर्षी एक अख्खी अर्धवेळ नोकरी गाडीत करतो, बिनपगारी. मी हा हिशोब ३१ वर्षांच्या नोकरीला लावून पाहिला आणि मग तो कागद फाडून टाकला.

या १२०० तासांचं लोक काय करतात? बहुतेक जण उभे राहतात. ज्यांना बसायला मिळतं ते झोपतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. वसई-नालासोपाऱ्याची काही मंडळी उलट्या दिशेने विरारला जाऊन तिथूनच ‘रिटर्न’ बसून येतात आणि त्यावरून विरारकरांशी त्यांची रोजची भांडणं होतात. पण ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात वेगळंच चालू असतं. नालासोपारा सुटलं की एक जण बॅगेतून रुमालात गुंडाळलेले टाळ काढतो. रुमाल अशासाठी की टाळ जेवणाच्या डब्याला लागून त्याचे कोपरे मोडतात आणि भाजीला पितळेचा वास येतो. पखवाज आणणं शक्य नसतं, म्हणून ठेका डब्याच्या पत्र्यावर धरतात. पत्र्याच्या कडेला बोटांनी वाजवलं की चाट, मध्ये तळहाताने मारलं की घुमारा. कोणता पत्रा चांगला बोलतो हे मंडळाला माहीत असतं; नव्या गाड्या आल्या तेव्हा ‘पत्रा बसका आहे’ अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे. गण, अभंग, मग गवळण, असं करत दादरच्या आत भैरवी. बोरिवली-अंधेरीच्या दरम्यान बसलेले उठतात आणि उभ्यांना बसवतात, गाणं न थांबवता. दसऱ्याला त्याच डब्याला झेंडूचं तोरण लागतं. बाजूला एखादा रात्रपाळीचा माणूस कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो, त्याचीही बाजू खरी आहे.

या संग्रहातला चालींवरचा लेख अशाच एका मंडळातल्या माणसाचा आहे. तो दिवसा एका औषध कंपनीच्या गोदामात बिलं तपासतो. २० वर्षांत त्याने शंभरावर अभंगांना चाली लावल्या आणि त्या सगळ्या गाडीत लावल्या. घरी एकही जमली नाही, असं त्याने लिहिलं आहे. मला त्या लेखात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच वाक्य: आजारी पडून तो आठवडाभर गेला नाही, तेव्हा नायगावला चढणाऱ्या एकाने फोन करून विचारलं, ‘सोमवारी नवी चाल आणणार होतास, तिचं काय झालं?’ ताप कसा आहे हे त्याने नंतर विचारलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. गर्दीत जन्मलेल्या भजनाचं कौतुक करताना गर्दीचं कौतुक होता कामा नये. या मार्गावर दारात लटकून माणसं पडतात, मरतात. ‘विरारकरांची जिद्द’ वगैरे मथळे वाचले की मला चीड येते. जिद्द असते, पण ती गाडीत खर्च करायला कोणी हौसेने तयार नसतं. डब्यात निर्माण होणारी कला हे गाड्या न वाढवण्याचं कारण होऊ शकत नाही.

गाडीतला वेळ असा मिळालेला नव्हे, चोरलेला असतो. हक्काचा म्हणावा असा वेळ आपल्याकडे एकच, रविवार. तोही आकाशातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत ठरलेली आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, पुढे त्यांनी ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर येतात, त्या इतक्या साध्या आहेत म्हणून: आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. सूर्यास्तापर्यंत ‘च’. सहा वर्षं लोखंडे ते लावून धरत राहिले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस मालकाचे तर एक दिवस समाजाचा, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. आपल्या वसईत रविवारची सकाळ चर्चच्या घंटेने सुरू होते, त्यामुळे रविवार साहेबाने किंवा पाद्रीबाबांनी दिला असं अनेकांना वाटतं. मुंबईच्या कामगाराला तो मिळाला खंडोबाचं नाव घेऊन आणि हजारो सह्या गोळा करून.

लोखंड्यांचा हा प्रसंग मी नुसता अभिमानासाठी सांगत नाही. एकेका कामगाराने मालकाकडे जाऊन ‘मला जरा वेळ हवा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा. वेळ एकट्याला राखता येत नाही, हे मला या पुस्तकाच्या निमित्ताने पटलं आणि त्याचा पहिला पुरावा आपल्या रविवारातच आहे.

दुसरा पुरावा मी स्वतः. निवृत्त झालो तेव्हा कादंबरी लिहायची असं ठरवूनच मी निरोप समारंभात भाषण केलं होतं. खिडकीशी टेबल मांडलं. वसईच्या जुन्या बाजारातून फिरती खुर्ची आणली. सकाळी सहाला उठायची सवय होतीच. पहिले पंधरा दिवस मी पेन्सिलींना टोक काढलं. मग वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचू लागलो, निविदांसकट. मग पाण्याचा टँकर कधी येणार याची चौकशी माझ्याकडे आली, मग सोसायटीचं सेक्रेटरीपद, मग नातवाची शाळा. दोन वर्षांनी हिशोब मांडला तर ४१ पानं झाली होती आणि त्यांतली ३० पहिल्या प्रकरणाचीच वेगवेगळी रूपं. नोकरीत असताना, खणात वही ठेवून, दिवसाला चार तास गाडीत घालवून मी सात एकांकिका लिहिल्या होत्या. सगळा दिवस हातात आल्यावर एकही नाही.

याचं कारण आळस, असं आमच्या सौ.चं मत आहे आणि ते मी निकालात काढत नाही. पण त्या सातही एकांकिकांना तारीख होती. आमच्या ऑफिसचा संघ स्पर्धेत उतरायचा. प्रवेशिका भरलेली असायची, तालमीसाठी सहकारी सातनंतर थांबलेले असायचे, नायिकेला शेवटच्या विरारच्या आधीची गाडी पकडायची असायची आणि संहितेचा शेवट माझ्याकडे अडकलेला असायचा. ‘उद्या शेवट आणा, नाहीतर आम्ही तुम्हालाच मारून टाकू, तोच शेवट,’ असं दिग्दर्शकाने सांगितलेलं मला आठवतं. महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून भरते आहे. बँका, गिरण्या, टपाल खाती, वीज कंपन्या यांतल्या हौशी लोकांना या स्पर्धांनी पैसा दिला नाही, रजाही दिली नाही. तारीख मात्र दिली. रत्नाकर मतकरी वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी करत लिहीत होते. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये, व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद, नारायण सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. ही यादी वाढवता येईल, पण प्रतिभावंतांची नावं घेतली की सामान्य माणूस हात झटकून मोकळा होतो, म्हणून थांबतो. त्यांच्या लिहिण्याची कोणीतरी वाट पाहत होतं, एवढंच मला इथे हवं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला दसऱ्याच्या आत मजकूर देण्याची सवय लागली. दिवाळी अंक नसते तर मराठी कथा किती कमी लिहिली गेली असती, याचा कोणी अभ्यास करावा.

आपल्या वसईत हे दर डिसेंबरात दिसतं. संध्याकाळच्या गाडीने उतरलेली पोरं जेवून गावच्या क्रुसाजवळ जमतात आणि रात्री बारा-एकपर्यंत नाताळचा गोठा उभारतात. बांबू, पेंढा, गोणपाट, थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठा, आणि एका वर्षी तर जुन्या शिडाचं कापड. त्यातला इलेक्ट्रिशियन दिवसभर दुसऱ्यांच्या घरी वायरिंग करून थकलेला असतो. तरी येतो. येतो कारण २४ तारीख पुढे ढकलता येत नाही आणि शेजारच्या गावचा गोठा गेल्या वर्षी जास्त चांगला झाला होता. या पुस्तकात गोठ्यावर जो लेख आहे त्यात कृत्रिम झऱ्याचा पंप तीनदा कसा जळला याचं वर्णन आहे, ते जरूर वाचा.

नवं काही शोधून काढणाऱ्यांचीही गोष्ट फार निराळी नाही. विरारची पहिली लोकल सुटल्यानंतर १७ दिवसांनी, २९ एप्रिल १८६७ रोजी, मुंबईत शंकर आबाजी भिसे जन्मले. पुढे ‘भिसोटाइप’ हे छापखान्यातले खिळे पाडणारं यंत्र करून ते गाजले, पण सुरुवातीला ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून होते. कचेरी सुटल्यावर यंत्रांत डोकं घालायचे. महत्त्वाचं म्हणजे, ते एकटे बसले नाहीत. त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब काढला, प्रयोग करून लोकांना दाखवले. लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली, तेव्हा भिशांनी आराखडा पाठवला आणि स्पर्धा जिंकली. त्यानंतर त्यांची लंडनची वाट उघडली आणि तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. क्लब, स्पर्धा, दादाभाई: या तीन ठिकाणी कोणीतरी त्यांच्याकडून काहीतरी येण्याची वाट पाहत होतं.

परदेशी कंपन्यांनी असा वेळ देणं नियमात बसवून पाहिलं. अमेरिकेतल्या थ्री एम कंपनीने कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा दिली. गूगलने पुढे २० टक्क्यांचा गाजावाजा केला. (तो वेळ रोजचं काम संपल्यावर उरतो, म्हणून खरा आकडा १२० टक्के आहे, असा विनोद तिथल्याच लोकांनी केला. विरारच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.) थ्री एमच्या मुभेतून आलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक डिंक सापडला होता; तो घट्ट चिकटत नव्हता आणि सहज सुटत होता. कंपनीत तो कोणाला नको होता. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला, कारण ते चर्चच्या गायनवृंदात गायचे आणि गीतांच्या पुस्तकातल्या कागदी खुणा गळून पडायच्या. १९८० मध्ये चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. कंपनीची मुभा होतीच, पण गोष्टीतली मेख मला वेगळी दिसते. गायनवृंदात पान चुकलं की शेजारचा कोपराने ढोसतो. वसईच्या कोणत्याही चर्चमध्ये रविवारी वरच्या माळ्यावर उभं राहून पाहा.

आमच्याकडचा १५ टक्क्यांचा नियम सातिवलीच्या एका गाळ्यात सापडला. या संग्रहातला माझ्या सर्वांत आवडीचा लेख तिथल्या फिटरचा आहे. मूळ लेख तुम्ही वाचालच, पण मी तो गाळा पाहून आलोय म्हणून थोडं सांगतो. गाळा म्हणजे पत्र्याचं छत, दोन लेथ, एक ड्रिल, एक पॉवर प्रेस; जमिनीवर तेलाने काळा झालेला लोखंडी कीस. दिवसभर दारांच्या कड्या-कोयंड्यांचे सुटे भाग निघतात. या फिटरच्या मित्राची आगाशीकडे वाडी आहे, तिथे पांढऱ्या जामची जुनी, उंच झाडं आहेत. जाम खाली पडला की फुटतो, आणि आंब्याच्या झेल्याने काढला तर दांड्याच्या धक्क्यानेच त्याला काळा डाग पडतो. डाग पडला की बाजारात कोणी घेत नाही. मित्राची आई सत्तरीची, ती स्वतः शिडी लावून चढायची. ते पाहून फिटर म्हणाला, ‘मावशी, मी तुला झेला करून देतो.’ हे तो जेवणाच्या भरात बोलला.

पुढच्या आठवड्यात मावशीने विचारलं, ‘झालं का रे बाळा?’ त्याच्या पुढच्याही. तो शेठकडे गेला. शेठने गाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी चावी द्यायचं कबूल केलं, अट एकच: वीज जळेल ती चालेल, पण मापाचं नवं मटेरियल घ्यायचं नाही, भंगारातलंच वापरायचं. पहिला झेला वायरिंगच्या पाइपाचा. पाइप वीस फुटांवर वाकला आणि झाडावर नुसता डोलत राहिला. दुसऱ्याला सायकलच्या ब्रेकची वायर आणि खाली लिव्हर. लिव्हर दाबलं की वर पातं फिरून देठ कापणार. ओल्या वाडीत दोन आठवड्यांत वायर गंजली आणि अडकली. तिसऱ्यात त्याने वायर प्लास्टिकच्या नळीतून नेली, पातं दाढीच्या ब्लेडचं केलं आणि फळ थेट जाळीत न पडता मच्छरदाणीच्या कापडाच्या लांब पिशवीतून सरपटत खाली यावं अशी सोय केली. पिशवी त्याच्या बायकोने शिवली. तीन सुट्ट्यांचं काम समजून घेतलेलं ११ सुट्ट्या चाललं. मावशीला झेला दिला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘जड आहे, पण चालेल.’ आता वाड्यांतून आणखी चौघांनी मागितला आहे. पेटंट वगैरे घ्यायचं का, असं मी विचारलं. ‘काका, आधी हलका करतो,’ म्हणाला.

मुभा शेठने दिली, हे खरं. पण चावी खुंटीला टांगलेली राहिली असती, दर आठवड्याला ‘झालं का रे’ विचारणारी म्हातारी नसती तर.

बायकांच्या लेखांबद्दल मला थोडं बिचकतच लिहावं लागतं. १९ पैकी ७ लेख बायकांचे आहेत आणि सातही आम्ही दिलेल्या तारखेनंतर आले. कारण विचारायची मला हिंमत झाली नाही; ते लेखांतच लिहिलेलं होतं. पुरुष ऑफिसातून सुटला की सुटतो. बाई एका पाळीतून दुसऱ्या पाळीवर जाते, मध्ये फक्त गाडी असते. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी बोरिवलीपर्यंत लेडीज स्पेशल सोडली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी सुरक्षिततेबद्दल लिहिलं. त्या गाडीत बायकांनी मटार सोलले, मेथी निवडली, डोहाळजेवणं केली, भिशी चालवली. मटार सोलले याचं आम्ही पुरुषांनी कौतुक केलं. घरी गेल्यावर ते आम्हीच खाणार होतो.

मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या लेखिकेने लिहिलं आहे की तिला वेळ कधीच मिळत नाही, जागा मात्र मिळते. विरारहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली की ती मोबाइलवर अंगठ्याने कथा लिहिते, भाईंदरची खाडी येईपर्यंत. खाडीवर गार वारा लागतो, तिथे त्या दिवसाचा मजकूर थांबवायचा आणि मीरा रोडला चढणाऱ्या मैत्रिणीला पाठवून द्यायचा. मैत्रीण उभ्यानेच वाचते आणि गर्दीतून लांबूनच भुवया उडवून किंवा मान हलवून निकाल देते. अशा १४ कथा झाल्या आहेत. एक या पुस्तकात मुद्दाम घेतली आहे, अर्धवट ठेवलेल्या वाक्यांसह, म्हणजे खाडी कुठे आली ते कळेल.

तो लेख वाचताना मला बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. त्या शेतात आणि घरात राबत ओव्या रचत होत्या. स्वतः लिहू शकत नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी जमेल तसं टिपून ठेवलं, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपात आलं. बहिणाबाईंना कामातून वेळ काढून कविता सुचली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. जातं थांबलं असतं तर ओवीही थांबली असती. रोजच्या कामापासून दूर गेलं तरच नवं सुचतं, या समजुतीला आपल्याकडच्या बायकांनी शेकडो वर्षांपूर्वीच खोटं पाडलं आहे. त्यांना हवा होता तो ऐकणारा आणि टिपून घेणारा माणूस. जात्यावर समोर दुसरी बाई बसलेली असे, म्हणून ओव्या टिकल्या. गॅसच्या शेगडीसमोर एकटीच असते.

वसईचे लोक माझ्यावर रागावतील, म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. नंदाखालचा हा धर्मगुरू धर्मग्रामाची कामं करत ‘सुवार्ता’ मासिक चालवत होता, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरत होता आणि बायबलचा मराठीत अनुवादही करत होता. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. इतकं सगळं एका माणसाला कसं जमलं, याचं आश्चर्य वाटतं तेव्हा मी मासिकाचा विचार करतो. मासिक दर महिन्याला दार ठोठावतं. वर्गणीदार पोस्टमनला विचारतात.

आता पुस्तकाच्या दोषांविषयी. लेख एकसारखे नाहीत. दोन-तीन लेखांत नोकरीवरचा राग इतका आहे की छंदाला पानच उरलेलं नाही. ते आम्ही तसेच ठेवले. एका लेखकाने आपण पहाटे चारला उठून चित्रं काढतो असं लिहिलं आहे. ते खरं असलं तरी मी वाचकांना त्याची शिफारस करणार नाही. पाच तास झोपून विरार फास्टमध्ये उभं राहणाऱ्याने पहाटे चारला उठून काही नवं शोधू नये, झोपावं. कोळीवाड्यातलं आणि पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांतलं एकही पान या पुस्तकात नाही. अर्नाळ्याला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा होड्या समुद्रात होत्या, दुसऱ्यांदा माणसं जाळी विणत होती, आणि जाळं विणणं हे काम की कला, यावर आमचाच वाद झाला. तिसऱ्यांदा जायला हवं होतं, तेवढा वेळ आम्ही काढला नाही.

कट्ट्याबद्दल सांगून थांबतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही वसई रोडला जमतो. जागा आतापर्यंत तीनदा बदलली. सध्या एका मित्राच्या बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत फळ्यासमोर बसतो. अध्यक्ष नाही, हार नाही, वर्गणी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. मागच्या वेळी जे आणतो म्हणालात ते आणलंत का, हा पहिला प्रश्न. नसेल आणलं तर कारण सांगायचं नाही, पुढची तारीख सांगायची. मी कादंबरीचं दुसरं प्रकरण तिथे वाचलं. तिसऱ्याची तारीख देऊन बसलोय. तुम्ही येणार असाल तर काहीतरी अर्धवट घेऊन या. पूर्ण झालेलं ऐकण्यात आम्हाला फारसा रस नाही.